नोकरी सोडायची की नाही : राजीनाम्याआधीची कामं, त्यांच्या क्रमाने

अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे. नाशिकच्या या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणारी कितीतरी मुलंमुली मला एकच प्रश्न विचारतात : "इथे काही शिकायला मिळत नाही, सोडू का?" बहुतेकांनी माझ्यापर्यंत येईस्तोवर एक गोष्ट करून टाकलेली असते. कुणी साहेबांना तोंडी सांगून मोकळं झालेलं असतं, कुणी मेल पाठवलेला असतो. त्यानंतर हिशेब मांडला जातो, मग घरी सांगितलं जातं आणि सगळ्यात शेवटी दुसरी नोकरी शोधली जाते. हा क्रम पूर्ण उलटा आहे. नोकरी सोडणं चुकीचं नसतं. ती सोडताना कामं ज्या क्रमाने केली जातात, तिथे लोक फसतात.

खाली नऊ टप्पे दिले आहेत. राजीनाम्यापर्यंत चार ते सहा महिने लागतात, तेवढे द्या.

अपवाद एकच. पगार महिनोन्‌महिने थकला असेल, यंत्रावर जिवाला धोका असेल, छळ होत असेल किंवा तब्येत ढासळली असेल, तर हा क्रम पाळत बसू नका. घरच्यांना आजच सांगा, चौथ्या टप्प्यातला पैशाचा हिशेब दोन दिवसांत करा आणि बाहेर पडा.

टप्पा १ : सहा आठवडे रोज तीन ओळी

एक साधी वही घ्या. कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या मेलवर यातलं काहीही लिहू नका. रोज रात्री तीनच गोष्टी लिहायच्या : आज कोणतं काम केलं, त्यातलं कोणतं मला गेल्या वर्षी येत नव्हतं, आणि आज कशाचा त्रास झाला.

सहा आठवडे का, तर एका आठवड्यावरून काही कळत नाही. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, मध्येच कस्टमर ऑडिट येतं, एखादी नाइट शिफ्ट अंगावर येते. त्या दिवसांत कुणालाही नोकरी सोडावीशी वाटते. सहा आठवड्यांत किमान एक पूर्ण महिना, एक पगार आणि एक-दोन शांत आठवडे येऊन जातात.

इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडल्यावर किंवा साहेबांशी वाजल्यावर वही सुरू केली असेल, तर पहिले दहा दिवस मोजू नका.

टप्पा २ : दुखणं कुठे आहे ते ओळखा

वहीतल्या त्रासाच्या सगळ्या ओळी एकदा सलग वाचा आणि प्रत्येकीपुढे एक शब्द लिहा : माणूस, काम, कंपनी, पैसा किंवा गाव. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पाचही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

बहुतेक ओळींपुढे 'माणूस' आलं, तर तुमचा प्रश्न एका साहेबाचा आहे. साहेब बदलतात, विभागही बदलता येतो. 'काम' आलं, म्हणजे तीच इनकमिंग इन्स्पेक्शन, तीच एक्सेल शीट, तोच गेज घेऊन चार वर्षं, तर ते खरं वाढ खुंटल्याचं लक्षण. 'कंपनी' म्हणजे ऑर्डरच कमी होत आहेत, नवीन मशीन येत नाही, जाणाऱ्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. तिथे तुम्ही कितीही चांगलं काम केलंत तरी वर जायला जागाच नसते. 'गाव' हा शब्द लोक लिहायला कचरतात. नाशिकमध्ये वाहनांचे सुटे भाग, स्विचगिअर, औषधं, अन्नप्रक्रिया यांत भरपूर काम आहे. पण काही कामं, उदाहरणार्थ उत्पादनाचं मूळ डिझाइन किंवा मोठ्या आयटी कंपन्यांतल्या बऱ्याच भूमिका, पुण्या-मुंबईत जास्त मिळतात. तुमची आवड तिकडची असेल तर सातपूरहून अंबडला जाऊन ती भागणार नाही.

'पैसा' सगळ्यात फसवा. पगार कमी वाटतो म्हणून माणूस म्हणतो, 'माझी ग्रोथ होत नाहीये.' दोन हजार जास्त मिळाले की तेच काम पुढची तीन वर्षं आनंदाने करतो आणि मग पुन्हा तिथेच येऊन थांबतो. म्हणून स्वतःला हे विचारा : उद्या पगार पाच हजारांनी वाढला आणि काम हेच राहिलं, तर मी थांबेन का? उत्तर 'हो' असेल तर वाढीच्या गोष्टी बाजूला ठेवा आणि सरळ पगाराची बोलणी करा. त्यात कमीपणा काही नाही.

तपासून बघा : दोन वर्षांपूर्वीचा तुमचा बायोडेटा काढा. आज त्यात खरोखर लिहिता येतील अशा किती नव्या ओळी आहेत? 'जबाबदारीने काम केले' ही ओळ धरू नका. नवं मशीन चालवलं, पीपीएपी (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया) स्वतः पूर्ण केलं, व्हेंडर उभा केला, दोन पोरांना तयार केलं, अशा ओळी मोजा. एकही नसेल तर दुखणं कामाचं आहे, हे बऱ्यापैकी पक्कं.

टप्पा ३ : आत विचारून बघा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. 'सांगून काही उपयोग नाही' असं प्रत्येक जण म्हणतो. नेमकं काय मागितलं होतं, असं विचारलं की कळतं, काही मागितलंच नव्हतं. तक्रार केली होती. 'सर, मला इथे काही शिकायला मिळत नाही' ही तक्रार झाली. त्यावर साहेब काय करणार?

मागणी अशी असते : "सर, तीन वर्षं मी फायनल इन्स्पेक्शन बघतोय. ते काम आता नव्या मुलाला दोन महिन्यांत शिकवून देतो. सीएमएमवर (अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर) कुणाला तरी तयार करायचं आहे असं तुम्ही म्हणाला होतात. मला ते द्याल का? दर शनिवारी दोन तास त्यावर बसेन." यात तीन गोष्टी आहेत : काय हवं, सध्याच्या कामाचं काय होणार, आणि साहेबांचा त्यात काय फायदा. तिसरी नसेल तर मागणी हवेत विरते.

वेळ साधा. महिन्याचा शेवटचा आठवडा, ऑडिटचा आठवडा आणि अप्रेझलची (कामाच्या वार्षिक मूल्यमापनाची) बैठक या तिन्ही वेळा टाळा. अप्रेझलमध्ये केलेली प्रत्येक मागणी पगाराचीच समजली जाते. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा साधा मेल टाका : 'आज बोलल्याप्रमाणे पुढच्या तीन महिन्यांत मला अमुक काम मिळणार आहे, धन्यवाद.' मग वहीत तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा.

हे तीन महिने वाया जात नाहीत. काम मिळालं तर शिकायला मिळतं आणि बायोडेटात ओळ वाढते. नाही मिळालं तर उत्तर कळतं, आणि सोडताना 'एकदा विचारायला हवं होतं' ही टोचणी राहत नाही. शिक्षण अर्धवट राहिल्यामुळे बढती अडली असेल, तर नोकरी न सोडता गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करण्याचा पर्यायही याच टप्प्यावर तपासा. डिप्लोमा नाही, पदवी नाही म्हणून अडलेल्याने कंपनी बदलली तर तिथेही तो तिथेच अडतो.

इथे सांभाळा : 'नाहीतर मी सोडतो' हे वाक्य या टप्प्यावर तोंडातून जाऊ देऊ नका. एकदा ते बोललात की तुमचं नाव जाणाऱ्यांच्या यादीत जातं आणि नवं काम दुसऱ्याला मिळतं.

टप्पा ४ : पैशाचा हिशेब, कागदावर

इथे मी स्वतः चुकलो होतो. पहिली नोकरी मी रागाच्या भरात सोडली तेव्हा चार वर्षं पाच महिने झाले होते. माझं बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३ हजार होतं. ग्रॅच्युइटी म्हणजे सेवेबद्दल कंपनी निघताना देते ती रक्कम. तिचं सूत्र असं : शेवटचं बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. पाच वर्षं भरली असती तर मला ३७,५०० रुपये मिळाले असते. त्या काळी घरात ती रक्कम मोठी होती. सात महिने थांबण्याइतकी ताकद माझ्यात होती, फक्त हिशेब ठाऊक नव्हता.

म्हणून आधी रुजू झाल्याची तारीख बघा. कायम कर्मचाऱ्याला राजीनाम्यानंतर ग्रॅच्युइटी मिळायला सलग पाच वर्षं सेवा लागते. 'चार वर्षं आणि २४० दिवस झाले की मिळते' असंही सांगतात. मद्रास उच्च न्यायालयाने तसा अर्थ लावलेला आहे, पण तुमची कंपनी तो आपणहून मान्य करेल असं धरून तारीख ठरवू नका. पाच वर्षांना थोडेच महिने बाकी असतील तर थांबा आणि तेवढ्यात पुढचे टप्पे उरका.

मग घरखर्च. गेल्या तीन महिन्यांची बँक पासबुकं आणि यूपीआयच्या नोंदी काढून खरा आकडा लिहा. हप्ते, शाळेची फी, आईबाबांची औषधं, गावाकडे पाठवायचे पैसे, सगळं त्यात घ्या. दुसरी नोकरी हातात असेल तरी तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा, कारण पहिला पगार लांबतो. नोकरी हातात नसताना सोडणार असाल तर माझ्या मते सहा महिन्यांपेक्षा कमी चालणार नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. द्राक्षाचे किंवा कांद्याचे पैसे व्यापाऱ्याकडून हातात येईपर्यंत या हिशेबात धरू नका. माल गेला म्हणजे पैसे आले असं नसतं, हे तुमच्या घरी माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता चार गोष्टी झटपट तपासा.

गृहकर्ज घ्यायचं ठरत असेल तर नोकरी बदलायच्या आधी घ्या किंवा नव्या ठिकाणी कायम झाल्यावर घ्या. मधल्या काळात बँक खळखळ करते.

कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते आधीच विचारा. घरात कुणाला मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे काम टाळू नका.

ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची) पगारमर्यादा २१ हजार आहे. नव्या ठिकाणी पगार त्याच्या वर असेल तर ती योजना तुम्हाला लागू होणार नाही. सातपूरच्या ईएसआयसी रुग्णालयात आईचे उपचार चालू असतील, तर वाढलेल्या पगारातून तो खर्च वजा करूनच वाढ मोजा.

ट्रेनी म्हणून लागताना बाँडवर (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर) सही केली होती का? अपॉइंटमेंट लेटर काढून शब्दन्‌शब्द वाचा. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी घालणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार सर्वसाधारणपणे टिकत नाही. प्रशिक्षणाच्या खर्चाची वाजवी वसुली मात्र वेगळी गोष्ट आहे, ती मागितली जाऊ शकते.

टप्पा ५ : बाजारात आपली किंमत बघा

आता बायोडेटा बाहेर काढायचा. नोकरी हातात असताना किमान तीन मुलाखती द्या, मनात जायचं नक्की नसलं तरी. आपल्याला काय येत नाही हे मुलाखतीत जेवढं स्पष्ट कळतं तेवढं दुसरीकडे कुठेच कळत नाही. जिथे अडखळलात ते प्रश्न वहीत उतरवा. तीन मुलाखतींत तेच दोन प्रश्न आले आणि उत्तर आलं नाही, तर आधी ते शिका, मग सोडा. मुलाखतीला खोटं आजारपण सांगून जाऊ नका, रजा टाका. अंबड-सातपूरमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात.

ऑफर आली की सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाचा, आकडा फोडा. समजा सीटीसी ६ लाख आहे. लोक १२ ने भागून महिना ५० हजार धरतात. त्यात ६० हजार व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग) आहे, बेसिक महिना २५ हजार आहे. कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा वर्षाला ३६ हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी साधारण १४,४००. हे सगळं सीटीसीतच मोजलेलं असतं. उरतात ४ लाख ८९ हजारांच्या आसपास, म्हणजे महिना ४०,८००. त्यातून तुमचा पीएफचा वाटा ३ हजार आणि व्यवसाय कर २०० रुपये गेला की हातात साडेसदतीस हजार. आयकर लागत असेल तर तो वेगळा. व्हेरिएबल पूर्ण मिळतं का, हे तिथे काम करणाऱ्या एखाद्याला विचारा. एचआरला विचारून खरं उत्तर क्वचित मिळतं.

पुण्याची ऑफर असेल तर दुसरा हिशेब मांडा. समजा नाशिकला हातात ३८ हजार येतात आणि तिथल्याच सिडको भागात स्वतःचं घर आहे. पुण्यात ५२ हजार मिळणार, म्हणजे १४ हजार जास्त. तिथे भाडं १२ हजार, लाइट-गॅस २ हजार, एकट्याने राहिल्यामुळे जेवणाचा वाढीव खर्च ५ हजार, महिन्यातून दोनदा घरी यायचं-जायचं धरून प्रवास ३ हजार. खर्च २२ हजारांनी वाढला. पैशाच्या दृष्टीने तुम्ही ८ हजारांनी मागे गेलात. तरीही जाणं योग्य असू शकतं, काम शिकवणारं असेल तर. फक्त ते शिकण्यासाठी जातोय हे माहीत असू द्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात चिडचिड सुरू होते.

मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे का' म्हटल्यावर हे तीन प्रश्न विचारा : या जागेवर आधी कोण होतं आणि तो आता कुठे आहे? पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे? मी कुणाच्या हाताखाली काम करणार, त्यांना भेटता येईल का? पहिल्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर सावध व्हा.

२०२७ च्या सिंहस्थाच्या कामांवर आधारलेली ऑफर असेल तर एक प्रश्न वाढवा : पर्वणी झाल्यावर या जागेचं काय? उत्तर लेखी नसेल तर ती नोकरी ठरावीक मुदतीची समजूनच हिशेब करा.

टप्पा ६ : घरी बोला

ऑफर हातात आल्यावर, पण 'हो' म्हणायच्या आधी. घरच्यांना निर्णय सांगायला जाऊ नका, वही आणि हिशेबाचा कागद घेऊन बसा. आईबाबा 'पर्मनंट नोकरी सोडू नकोस' म्हणतील. त्यांच्या पिढीने एकाच कंपनीत तीस-तीस वर्षं काढून घर उभं केलं आणि बंद पडलेल्या कंपन्यांची दारंही पाहिली. त्यांची भीती खोटी नाही. तिला वाद घालून उत्तर देऊ नका, आकडा दाखवून द्या : 'बाबा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय, हप्ता चुकणार नाही.'

नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर एकाच वर्षात दोघांनी बदल करणं टाळा. मुलांच्या शाळा बदलणार असतील तर एप्रिल-मे गाठा.

टप्पा ७ : एका पानावर निर्णय

वहीच्या शेवटच्या पानावर लिहा : मी कशासाठी सोडतोय, नव्या ठिकाणी वर्षभरात कोणत्या दोन गोष्टी शिकलेल्या असतील, आणि ते झालं नाही तर काय करणार. पहिल्या ओळीत जुन्या साहेबाचं नाव आलं तर पान फाडा आणि दुसऱ्या टप्प्यावर परत जा.

थांबायचं ठरलं तर तेही तारखेसकट लिहा : 'अमुक महिन्यापर्यंत थांबतोय, तोपर्यंत अमुक शिकतोय.' तारीख न घालता थांबलेली माणसं दहा वर्षांनी तिथेच भेटतात.

टप्पा ८ : राजीनामा आणि नोटीस

लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. फोनवरचं 'तुमचं झालं समजा' हे ऑफर नव्हे. त्यात जॉइनिंगची तारीख, पद, पगाराची फोड आणि नोटीस पिरियड आहे का ते बघा. तुमची नोटीस तीन महिन्यांची आणि त्यांना माणूस एका महिन्यात हवा, असं असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे कोण भरणार, तेही लेखी घ्या.

आधी साहेबांना समोरासमोर सांगा, त्याच दिवशी मेल करा. मेल चार ओळींचा : राजीनामा देतोय, नोटीसप्रमाणे शेवटचा दिवस अमुक, काम व्यवस्थित सोपवून जाईन, आभार. तक्रारी त्यात लिहू नका. तो कागद तुमच्या फाइलमध्ये कायम राहतो.

पुष्कळदा दोन दिवसांत काउंटर ऑफर येते. पगार वाढवून देतो, थांब. तेव्हा दुसऱ्या टप्प्यातला शब्द आठवा. दुखणं 'पैसा' होतं तर विचार करा. 'काम' होतं तर विचारा, कोणतं काम मिळणार आणि कधीपासून. त्याचं उत्तर नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

नोटीसच्या काळात सुस्त पडू नका. चालू कामांची यादी, व्हेंडरचे संपर्क, अर्धवट राहिलेली ऑडिटची कामं, सगळं लिहून द्या आणि घेणाऱ्याची सही घ्या. कंपनीची ड्रॉइंग, कस्टमरची माहिती किंवा फाइली पेन ड्राइव्हवर नेऊ नका. 'मीच बनवलेल्या आहेत' हे कारण चालत नाही.

टप्पा ९ : निघताना आणि निघाल्यावर

शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र), अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि कंपनीने केलेल्या अखेरच्या हिशेबाचा कागद मागा. मिळेल ते त्याच दिवशी घ्या, उरलेल्याची तारीख मेलवर घ्या. उरलेल्या रजांचे पैसे हिशेबात धरलेत का, ते बघा.

पीएफ काढू नका, वर्ग करा. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. शिवाय मासिक पेन्शनच्या हक्कासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शनची रक्कम काढून घेतली की तेवढी वर्षं त्यातून जातात. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या. 'पहिलीच नोकरी' म्हणून नवा काढू देऊ नका, दोन यूएएन एकत्र करण्यात महिने जातात.

जुन्या कंपनीचा कर कापल्याचा दाखला नंतर मिळेल, पण त्या वर्षात तिथे मिळालेला पगार नव्या कंपनीला आधीच सांगा. नाहीतर दोघंही आपापल्या परीने कर कमी कापतात आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना सगळी रक्कम एकदम अंगावर येते.

दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर जाऊन एक गोष्ट बघा : जुन्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याची तारीख भरलेली आहे का. ती नसेल तर रक्कम वर्ग होताना अडते. पीएफचा शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिने उलटले असतील तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन ती तारीख तुम्ही स्वतः भरू शकता. रिलिव्हिंग लेटरवर आहे तीच तारीख भरा, मग वर्ग करण्याचा अर्ज करा आणि जुनी रक्कम नव्या खात्याच्या पासबुकात दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी बघत राहा.